४४.६ अंश

१४ मे, बुधवार

१. कळमन्याकडच्या एका खासगी गोदामात, पत्र्याच्या शेडखाली, अकरा बाया हरभरा निवडत होत्या.
२. दुपारी एकला रुखमाबाईंनी (वय ५४) सुट्टी मागितली.
३. मुकादम मनोहररावांनी मोबाइलवर शहराचं तापमान पाहिलं. ४४.६. सुट्टी नाकारली.
४. पावणेतीनला रुखमाबाई कोसळल्या. अंग तापलेलं, कोरडं. घाम नाही.
५. सव्वातीनला मी पोचले, महिन्यापूर्वी लावलेल्या मोजयंत्राच्या नोंदी घ्यायला. शेडमधलं तापमान ४८.९.
६. रुग्णालयात भरती. उष्माघात.

एवढंच. राग उद्या लिहीन.

१५ मे, गुरुवार

मनोहररावांनी मला खांबापाशी नेलं. आमच्या ‘हवामानाचे चाळीस शब्द’ पुस्तिकेचं पान अकरा फाडून तिथे चिकटवलंय. ‘उष्णतेची लाट : कमाल तापमान ४५ अंश किंवा अधिक. अशा दिवशी दुपारी १२ ते ४ काम थांबवावे.’

“पंचेचाळीस लिहून आहे मॅडम. चव्वेचाळीस पॉइंट सहाले लाट कशी म्हणू? पुस्तक तुमचंच आहे न?”

मी सांगितलं — शहराचा आकडा वेधशाळेचा. तिथला तापमापक मोकळ्या जागी, हवेशीर लाकडी पेटीत असतो. डोक्यावर तापलेला पत्रा नसतो.

“हे पुस्तकात कुठं आहे, दाखवा बरं.”

नव्हतं! पण मी लिहिलं होतं. ‘तापमान कामाच्या जागी मोजावे.’ पक्कं आठवतंय. छपाईआधी शेवटचा हात आमच्या संस्थाप्रमुख नंदिनी मॅडमचा — ऑफिस त्यांचं, कात्री त्यांची. त्यांनीच ओळ उडवली असणार. एक ओळ!

१७ मे, शनिवार

रुग्णालयात गेले. रुखमाबाईंची मुलगी वंदना बाहेर बाकावर होती. “माय मले ओळखून नाही राहिली.”

ऊन लागू नये म्हणून रुखमाबाई पदराच्या गाठीत बाळगत तो कांदा, नर्सने काढून दिलेला, तिच्या हातात होता. मार्चमध्ये पुस्तिका वाटली तेव्हा रुखमाबाई म्हणाल्या होत्या, “मॅडम, तुमचे चाळीस शब्द एकीकडं अन् माहा कांदा एकीकडं!” सगळ्या हसल्या. मीही. अहवालात लिहिलं — ‘सहभाग उत्साहपूर्ण’.

“तुम्हीच आल्या होत्या न शिकवाले? मंग काहून झालं असं?”

मी तिला आर्द्रतेचे आकडे सांगत बसले. मूर्ख!

१९ मे, सोमवार

शेड ४८.१. काम चालूच. मनोहरराव म्हणाले, “ह्या बायांले सवय आहे मॅडम. काय म्हणते तुमच्या पुस्तकात — अनुकूलन!” आणि हसले. शब्द क्रमांक सत्तावीस. त्याचा अर्थ सावली, पाणी, कामाच्या वेळा बदलणं. माणसाने मुकाट भाजणं नव्हे!

जिजाबाईंनी सुपातून मान वर केली नाही. “सवय तुले असन गा, पंख्याखाली बसाची.”

संध्याकाळी नंदिनी मॅडमना फोन. “रितिका, मी फक्त मुखपृष्ठ बदललं.” खोटं! सरळ खोटं. जुन्या फाइली काढते. पुराव्यानिशी तोंडावर मारते.

२० मे, मंगळवार

सहाशे प्रती वाटल्यात. लकडगंजातल्या दोन गोदामांतही पान अकरा खांबावर आहे. परवाचा अंदाज — ४४.८.

२१ मे, बुधवार

फाइल सापडली. ओळ ९ मार्चला काढली आहे. काढणारी मी. शेजारी माझीच टीप : ‘पान एका ओळीने वाढतंय.’

नंदिनी मॅडमना पाठवलं ते असं —

‘ती ओळ मी काढली. आळ तुमच्यावर घेतला. पान अकरा सगळीकडून काढायचं आहे, दुरुस्त पान सोबत जोडलं आहे. चूक माझ्या नावानिशी छापावी. मंजुरीचं उत्तर उद्या, गुरुवार २२ मे, सकाळी अकरापर्यंत द्यावं. बारा वाजता बाया शेडखालीच असतील.’