कमरेपर्यंत हिरवा

३ ऑक्टो. ५६, पिंपरी
चाकणच्या बाजारातून परत. दादाच्या कंपनीच्या खोलीत पथारी टाकली. दादा-वहिनीची चिमी श्रावणात तापानं गेली. पाच वर्षांची पोर. मी तेव्हा कांद्याच्या गाडीबरोबर जुन्नरकडं. आल्या आल्या दादा म्हणाला, "नाम्या, खोलीला रंग काढू." यंदा घरात सण नाही. मग रंग कशाला, विचारलं नाही.

४ ऑ.
दादाला कमरेपर्यंत गडद हिरवा तेलरंग पाहिजे. "डाग झाकत्यात." वहिनी म्हणे, "एकच खिडकी. अंधार पडंल, भावजी. पांढरा चुनाच बरा." दोघं माझ्याशी बोलतात. एकमेकांशी नाही.
डाग एकच. शेगडीशेजारी, कमरेखाली. चिमीनं कोळशानं काढलेला माणूस, लांबच लांब पाय, खांद्याला पिशवी. मागं मी विचारलं, कोण गं हा? तर म्हणाली होती, "काका. चाललाय."

५ ऑ.
रंग आणायला निघालो. वाटेत डोंबाऱ्याचा खेळ, दुपार तिथंच गेली. हात हलवत परत. दादा रागावला नाही. रागावला असता तर...

६ ऑ.
दोन्ही आणलं. हिरव्याचा डबा, चुनकळी. चुना भिजवला. रटरटतो तो, बघत बसलो.

७ ऑ.
दादा शिफ्टला. वहिनी म्हणाली, "आधी चुना मारा. उजेड तर बघू."
नीळ घालून कुंचा फिरवला. ओला चुना पाण्यासारखा, आरपार. कोळसा जरा फाकला, पण काका तसाच. वहिनी समोर बसलेली. वाळत आलं तसे आधी पाय गेले. मग पिशवी.
"थांबवता येत न्हाई का हो?"
म्हटलं, "चुना आहे, वहिनी."

८ ऑ.
खोली मोठी दिसते. दादा भिंतीकडं बघून म्हणाला, "अजून दिसतंय." काही दिसत नव्हतं. "उद्या हिरवा मार."

९ ऑ.
उठलो तर वहिनी भिंतीशी. तांब्यात हात बुडवून भिंतीवर फिरवतेय. ओल लागेल तिथं काका वर येतो. आधी पिशवी, मग पाय.
दादा दारात, हातात कपबशी. कधीपासून उभा, कोण जाणे. वहिनी न वळता म्हणाली, "बघायचं तर या. वाळंल."
दादानं कपबशी खाली ठेवली. जाऊन तिच्याशेजारी बसला.
मी हिरव्याचा डबा घेऊन उभा. झाकण काढलेलं नाही.
"नाम्या," दादा म्हणाला. मग त्यानंही तांब्यात हात बुडवला.