उन्मेषदादा येणार आहे

१९ ऑक्टोबर

नागपूर! साताऱ्याहून निघताना धाकधूक होती, आता मजा येतेय. महाल भागात शोभाताईंकडे खोली मिळाली. त्यांचे यजमान कुहीला शेतावर, घरात त्या एकट्याच. चहा हातात देण्याआधीच चौकशी सुरू — "ऐन दिवाळीत एकटीच काहून फिरून राहिली वं?"

आई गेल्यापासून दिवाळीत घर खायला उठतं, हे कुणाकुणाला सांगू! म्हणून ठोकून दिलं — माझा उन्मेषदादा येणार आहे भाऊबीजेला. मी एकुलती एक! पण प्रवासात हा दादा फार कामाचा, त्याचं नाव काढलं की निम्म्या चौकशा थांबतात. शोभाताई इतक्या खूश झाल्या की मलाच लाज वाटली.

२० ऑक्टोबर

तर्री पोहे. नाकाडोळ्यांतून पाणी! समोरचा जांभळ्या शर्टातला माणूस टक लावून बघत होता. बघू दे.

२१ ऑक्टोबर

गांधीबागेत कापडाच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. लक्ष्मीपूजनाची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. आणि तोच माणूस! दुकानाच्या पायरीवर, काही न घेता उभा. मी गल्ली बदलली, तर पुढच्या वळणावर हजर. योगायोग असेल. नसेलही. घरी लांबच्या वाटेनं आले.

२२ ऑक्टोबर

फुटाळा तलावावर पुन्हा तो. अगदी दोन हातांवर. मग मी माझं हुकमी अस्त्र काढलं — बंद फोन कानाला लावून खणखणीत आवाजात, "हो उन्मेषदादा! उद्या पोचतोस ना? महालात, दत्ताच्या देवळामागं, शोभाताईंचं घर. गार्गीचा भाऊ म्हणून सांग!"

वळून पाहिलं तर गायब! कशी जिरवली!

संध्याकाळी शोभाताई पाट पुसत होत्या — "तुया भाऊले इथंच ओवाळजो वं. माया भाऊ तं आता येत नाही." खरं सांगायचं ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

रिक्षात लिहितेय, अक्षर हलतंय. शोभाताईंचा फोन आला होता, आनंदानं ओरडतच — "अवं, उन्मेष आला! पाटावर बसवलं त्याले. लाजरा आहे पोरगा, बोलतच नाही. ये लवकर!" मी तोंड उघडेपर्यंत फोन ठेवलासुद्धा.

आधी पोलिसांना कळवलं. मग शोभाताईंना फोन लावला, घराबाहेर पळा म्हणायला. पुरुषानं उचलला.

"ताई, मी उन्मेष बोलून राहिलो. शोभाताई आत आहे. तू ये ना वं. ओवाळायचं राहिलं."