पहिला अर्थ

प्रिय ताई,

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले. आईचा गुडघा आता बरा आहे. डोंबिवलीत पाण्याची बोंब आहे तशीच.

माझं काम नेमकं काय, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. आम्ही इंग्रजी शब्दांचं सॉफ्टवेअर पॅकेज बनवतो. ते दुसऱ्यांच्या ॲपमध्ये बसतं. कुणी शब्द टाकला की अर्थ, समानार्थी शब्द, एखादं वाक्य आमच्याकडून जातं. तुझ्या फोनवरचं ॲपही त्यावरच चालतं. ते तुझ्या फोनमध्ये घालून देताना मला केवढा अभिमान वाटला होता. माझ्या कॉलेजसाठी तू दहावीनंतर कामाला लागलीस. आता शिकायची पाळी तुझी, असं मनात होतं.

आणि मग ते इंग्रजी माहितीपत्रक आलं. तुझ्या सासऱ्यांच्या मिठागरावर उभ्या राहणाऱ्या टॉवरचं. तू त्यांना वाचून दाखवत होतीस. त्यात त्यांच्या जमिनीला ‘बॅरन’ म्हटलं होतं. तू ॲपमध्ये शब्द शोधलास, आणि तुझ्या पुतणीने, सान्वीने, पहिलाच अर्थ सगळ्यांसमोर मराठीत मोठ्याने सांगितला : मूल न होणारी बाई. नापीक जमीन त्याच्या खाली होती. मला सांगताना तू हसत होतीस. “संचू, तुझ्या कंपनीलापण कळलं गं माझं,” म्हणालीस. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या टीम लीडला, ऋतुराजला, म्हटलं, जमीन वर घे आणि बाईच्या अर्थापुढे ‘दुखावणारा’ असं लिही. तो म्हणाला, क्रम आपला नाही, डेटा जिथून आला तिथला आहे. एका शब्दाला हात लावला तर उद्या सगळेच येतील. तो वाईट नाही गं. आणि अर्थ खोटा आहे असं मलाही म्हणता येत नाही, लोक तसं बोलतात. पण तोच पहिला का? वरच्या साहेबांना मेल केलाय. सोबत उदाहरणाचं वाक्यही दिलंय : ज्या जमिनीला नापीक म्हणतात, तिचं मीठ सगळ्या गावाने खाल्लं. अजून उत्तर नाही.

काल भावोजींचा फोन आला. तू ॲप काढून टाकलंस, इंग्रजीचा वर्गही सोडलास. का, ते त्यांना कळत नाहीये. मला कळतं. पण साहेबांच्या उत्तरासाठी तू थांबू नकोस. शनिवारी वर्गाच्या वेळेला मी टेंभी नाक्यावर उभी असेन. तुझ्यासाठी कागदाची डिक्शनरी घेतली आहे. दुकानात उभं राहून तेवढा एकच शब्द बघितला. तो अर्थ तिच्यातही आहे, ताई. पण जमीन आधी आहे.

तू शिकवलेली, तुझीच
संचिता