अंजीर बांधायला दोन माणसं लागतात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, अविवाहित, इस्पितळाच्या शिवणखात्यात एकतीस वर्षे चादरी आणि गाऊन शिवून निवृत्त झालेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. प्लास्टर माझ्या पायाला आहे, डोक्याला नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझी भावजय गेली वीस वर्षं गावभर याच्या उलट सांगत फिरते आहे, म्हणून दाखल्यावर शिक्का जरा ठळकच मारून घेतला. यापूर्वी लिहिलेली दोन मृत्युपत्रं मी बागेतल्या पाचोळ्याबरोबर जाळली आहेत. ती कोणी शोधत बसू नये.

कलम १. माझं पायाचं शिवणयंत्र शिवणखात्यातल्या मुकीला द्यावं. ती दिवसभर तोंड मिटत नसे, म्हणून आम्ही तिला मुकी म्हणायचो. यंत्राला महिन्यातून एकदा तेल घालायचं आहे, आणि ते घालताना गप्पा मारायच्या नाहीत. मागच्या वेळी तिने तेल पडद्यांवर सांडलं आणि बोलणी मी खाल्ली.

कलम २. बँकेतली शिल्लक शिवणखात्याला द्यावी. त्यातून खिडकीजवळचे दिवे बदलावेत. साहेबांना मी अकरा अर्ज दिले. त्यांना दिवे कधी दिसले नाहीत, आणि आता मलाही नीट दिसत नाही.

कलम ३. भावजयीला काहीही देऊ नये. ती लिहायची राहून गेली असा वाद पुढे निघू नये, म्हणून हे कलम. तिचा काचेचा वाडगा तेवढा परत करावा. घरात भिंत घातली त्या वर्षी तो माझ्याकडे राहिला. त्याला चीर आहे, ती आधीपासून होती.

कलम ४. बाग. घर ज्याच्याकडे जाईल त्याने हे कलम दोनदा वाचावं. डेलियाचे कंद मी खणून, माती झटकून, लाकडाच्या भुशात घालून जिन्याखाली ठेवले आहेत. खोक्यांवर रंग लिहिले आहेत. त्यांना पाणी दाखवू नये. लसूण लावून झाला आहे. वाफ्यांवर पाचोळा पसरला आहे, तो वाऱ्याने उडाला तर पुन्हा पसरावा. बाहेरचा नळ आतून बंद करून नळीतलं पाणी काढलं आहे. गुलाबांना आत्ता कात्री लावायची नाही. पानगळ लागली की लोकांचे हात शिवशिवतात. छाटलं की कोवळे धुमारे फुटतात आणि पहिल्या कडाक्यात काळे पडतात. गुलाब हिवाळा सरताना छाटावेत. हे मी भावजयीला वर्षानुवर्षं कुंपणावरून सांगितलं, आणि तिने वर्षानुवर्षं गुलाब मारले.

एवढं काम झालं आहे. अंजीर राहिलं आहे.

कलम ५. अंजीर आईने लावलं. वडिलांच्या पश्चात वाटणी होऊन घरात भिंत घातली गेली आणि बागेचे दोन भाग झाले, तेव्हा मोजणीदाराची दोरी नेमकी त्याच्या बुंध्यावरून गेली. इथल्या थंडीत ते उघडं टिकत नाही. कडाका पडण्याआधी फांद्या एकत्र ओढून, दोराने आवळून, त्यावर गोणपाट आणि जुनी ब्लँकेटं चढवून, बाकदार सुईने वरपर्यंत शिवून घ्यावी लागतात. एकाने फांद्या कवेत धरायच्या, दुसऱ्याने शिवायचं. एकट्याचं ते काम नाही.

भिंत घातली तेव्हा भावाने मला सांगितलं होतं, की बोलावल्याशिवाय तो माझ्या दारात पाय ठेवणार नाही. मी म्हटलं होतं, वाट बघ. आई माझ्या बाजूला राहिली, आणि तीन वर्षांनी गेली. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. तरी दर पानगळीत, कंद निघाले की, एका सकाळी तो त्याच्या बाजूने अंजिरापाशी येऊन उभा राहायचा. हद्दीवर यायला आमंत्रण लागत नाही. तो फांद्या धरायचा, मी शिवायची. दोर आवळायचा असला की खाकरायचा. दोन तासांत काम उरकायचं आणि तो हात झटकून निघून जायचा. अशी अठरा वर्षं गेली.

या वर्षी तो आला नाही. मी आठ दिवस वाट पाहिली आणि एकटीच भिडले. भावाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरची सगळ्यांत जाड फांदी ओढताना मोडली, आणि मी स्टुलावरून खाली आले. पाय माझ्याच अंगाखाली मुडपला. पाऊण तास मी पाचोळ्यात पडून होते. खिडकी दहा पावलांवर होती. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. भावजय बाजारात गेलेली, म्हणजे घासत तोच होता. मी हाक मारली नाही. शेवटी पोस्टमनने मला उचललं.

हाक मारली असती तर तो ओल्या हातांनी धावत आला असता. पडल्या पडल्या मला एवढंच कळत होतं. आणि तो आता आला असता, तर आईच्या वेळी बोलावल्यावरही आला असता. पुढचं कलम त्यासाठी आहे.

कलम ६. हे कलम मालमत्तेचं नाही. वकीलबाई म्हणाल्या, असलं मृत्युपत्रात घालत नाहीत. मी घालते आहे.

आई शेवटच्या आजारात धाकट्याला बोलाव म्हणून सांगत होती. मी बोलावलं नाही. सहा वर्षं तिचं हगणंमुतणं मी काढलं, आणि शेवटच्या चार दिवसांत तिच्या तोंडी नाव कोणाचं, तर त्याचं. मी तिला सांगितलं, "बोलावलंय, येत नाही म्हणतो." ती तेच खरं धरून गेली.

दुसऱ्या दिवशी भावाने मला फाटकात गाठून विचारलं, "आईने माझं नाव काढलं होतं का?" मी नाही म्हणाले.

लोकांना मी इतकी वर्षं सांगत आले, की आई गेली तेव्हा भिंतीपलीकडून तो आला नाही. ते खोटं नव्हतं, म्हणून सांगायला सोपं गेलं. यंदा बेकरीच्या रांगेत कोणी विषय काढला आणि माझी जीभ सुटली. आईने चार दिवस त्याच्या नावाचा धोशा लावला होता, तरी हा आला नाही, असं मी तावातावाने सांगून बसले. मागे वळले तर भाऊ उभा होता. तो पाव न घेताच निघून गेला. आईने आपलं नाव घेतलं होतं, हे त्याला बेकरीत कळलं. म्हणून तो अंजिराला आला नाही.

माझं चुकलं असं लिहायला बसले होते. ते फार लहान दिसतं.

कलम ७. माझ्या बाजूचं घर, बाग, अवजारं आणि बाकदार सुई मी माझ्या भावाला देते. वकीलबाईंनी दोन गोष्टी बजावल्या आहेत. साक्षीदार म्हणून जो सही करेल त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, त्यामुळे भावाची सही चुकूनही घ्यायची नाही. आणि हे देणं काही कारणाने फसलं तर पुढची सोय हवी. ती अशी, की घर इस्पितळाला जावं, आणि लांबून आजाऱ्याला भेटायला आलेल्यांना तिथे मुक्काम करू द्यावा.

कलम ८. हे कलम आज, सह्या होण्याआधी, भावासमोर लिहीत आहे. सकाळी मी पोस्टमनला पलीकडे पाठवलं आणि निरोप दिला, की ताईने बोलावलं आहे. भाऊ लगेच आला. बावीस वर्षांनी या स्वयंपाकघरात आला आणि बस म्हणेपर्यंत उभा राहिला. त्याने सगळे कागद वाचले. सहावं कलम वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढला आणि पुन्हा लावून तेच वाचलं.

मग विचारलं, "शेवटच्या दिवशीही?"

मी म्हटलं, शेवटच्या दिवशी तिला बोलता येत नव्हतं. ती भिंतीकडे बोट दाखवत होती.

"तेही लिही," तो म्हणाला.

म्हणून लिहिते. शेवटच्या दिवशी आई भिंतीकडे बोट दाखवत होती. त्या भिंतीच्या पलीकडे त्याची जेवायची खोली आहे. मी तिचा हात पांघरुणात घातला. तिने तो पुन्हा बाहेर काढला.

मग त्याने पेन मागितलं. साक्षीदाराने सही केली तर हातचं घर जाईल, हे मी त्याला सातव्या कलमावर बोट ठेवून सांगितलं. तो म्हणाला, "वाचलंय मी. घर नको मला. याखाली माझी सही हवी." पोस्टमनने समजावून पाहिलं, मीही पाहिलं. तो ऐकत नाही. आडमुठेपणा आमच्या दोघांत सारखाच आहे, त्याची वाटणी कधी झाली नाही.

गोणपाट, ब्लँकेटं आणि दोर मागच्या पायरीवर काढून ठेवले आहेत. पहिला कडाका उद्या किंवा परवा पडेल.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही करत आहे.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर, भिंतीलगतचं टेबल.
दिनांक: पानगळ संपत आलेली, गुरुवार, दुपारचे साडेतीन.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार क्रमांक एक: (सही) या गल्लीचा पोस्टमन. बाईंनी माझ्यासमोर सही केली. डोकं ठीक आहे.

साक्षीदार क्रमांक दोन: (सही) धाकटा भाऊ. कलम सहा आणि आठ वाचली. बोलावलं म्हणून आलो. अंजीर मी आणि पोस्टमन बांधतो. ताईने बाहेर येऊ नये.