कातळ माझा, माती त्यांची

मी, मुसा इब्राहिम होडेकर, वय सदुसष्ट, पूर्वी आगबोटीवर खलाशांचा सारंग, हल्ली घरी, राहणार राजिवडा, रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. बूड मात्र एका जागी ठरत नाही. एवढे लिहीपर्यंत दोनदा अंगणात जाऊन आलो. कारण खाली येईल.

१. राहते घर माझी मरहूम बायको हफीजा हिचे. त्यातला माझा हिस्सा मी तेव्हाच मुलगा अयूब व मुलगी रझिया यांना सोडला. माझा म्हणून उरला तो मिरजोळ्याच्या सड्यावरचा, म्हणजे गावावरच्या उघड्या माळावरचा, तीन एकर कातळ. त्यावर दर्यावर्दी फुटबॉल क्लबाचे मैदान आहे.

२. क्लब सन १९२७ चा. परदेशी बंदरात खेळ पाहून मी चेंडू घेऊन आलो, पण उघड्या दगडावर खेळणार कोण? आमचा गोलकीपर गनी चेंडूकडे नुसता बघत उभा राही. उडी मारली तर कातडी सोलायची, त्याला तरी काय बोलणार? मिरजोळ्याची हौसा घवाळी एकदा रागाने माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "पोरांची ढोपरं फुटतात नि तुमी बगत काय ऱ्हायलाव?" दुसऱ्या दिवशी तिने आपल्या शेतातली टोपलीभर माती आणून ओतली. मग गाव लागले. सामना बघायला येणारा प्रत्येक जण टोपली घेऊन येऊ लागला. तेच आमचे तिकीट. पावसाळ्यात निम्मी माती वाहून जाते, दिवाळीनंतर लोक पुन्हा आणतात. त्या मातीवर शिकलेला शिवा आज मुंबईत एका कंपनीच्या संघात पगारावर खेळतो.

३. पूर्णगडच्या संघाला मैदानावर खेळू द्यावे, पाणी मात्र मागितल्याशिवाय देऊ नये. १९३८ साली त्यांचा तिसरा गोल हाताने झाला. मी पाहिला आहे.

४. गेल्या मंगळवारी अयूब मुंबईहून एका कंत्राटदाराला घेऊन आला. त्याने मैदानात चार ठिकाणी पहार आपटून पाहिली आणि म्हणाला, बांधकामाला चिरा चांगला निघेल. मी अयूबला विचारले, खाण काढणार? तो म्हणाला, "बाबा, दगडावर खेलून कोनाचा पोट भरला?" तेव्हापासून मला बसवत नाही.

५. आमच्या कायद्याने मला वारसांबाहेर कोणाला तिसऱ्या हिश्शाहून जास्त देता येत नाही. तो हिस्सा क्लबाला दिला. वकिलांनी नकाशावर मोजून दाखवला. मधल्या रेषेच्या अलीकडेच संपतो. तेवढ्यात फुटबॉल कसा खेळायचा, ते त्यांनी सांगितले नाही. रझियाने आपला वाटा क्लबाला सोडायचे कबूल केले आहे. राहिला अयूबचा.

६. अयूब, तुझा हक्क मी नाकारत नाही. पण माझा आहे तो कातळ. वरची माती माझी नाही, म्हणून ती तुला मिळत नाही. खाण काढायची तर आधी ती ज्याची त्याला परत कर, आली तशीच, डोक्यावर टोपली घेऊन, दारोदार. वकील हसले, हे कोर्टात टिकणार नाही म्हणाले. नाहीच टिकणार. हे मी कोर्टासाठी लिहिलेले नाही. त्या मातीत तुझ्या आईच्याही टोपल्या आहेत, तू पोटात असताना वाहिलेल्या. त्या कोणाच्या दारी नेशील? मला सुचत नाही. तुला सुचले तर खुशाल खण.

७. माझ्या दफनाला क्लबाचे लोक प्रेमापोटी मैदानातली माती आणतील. आणू नये, सक्त मनाई आहे. ज्याला मला माती द्यायची असेल त्याने घरून टोपली भरून आणावी. रिवाजाच्या तीन मुठी मला पुरेत. उरलेली तशीच सड्यावर न्यावी आणि खालच्या गोलासमोर घालावी. तिथे दगड वर आला आहे, आणि रविवारी सामना आहे.

हे वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून खाली सही केली.

मुसा इब्राहिम होडेकर

आमच्यासमोर सही झाली:
१. गनी कासम सोलकर, राजिवडा
२. काशीराम रामा घवाळी, हौसाचा मुलगा, मिरजोळे

रत्नागिरी, दिनांक ९ फेब्रुवारी १९५७