चटई कोण मोजणार?

सेमिसी,

तू घोरत होतास म्हणून उठवलं नाही. गाडी तू दोरी लावून आखलेल्या गॅरेजात उभी आहे. मी आणि आई शेजारच्या लोसांच्या अंगणातून त्यांच्या गाडीत बसून चर्चला गेलो.

म्हटलं, उद्या काँक्रीटवाले यायच्या आत एकदा गाडी लावून बघावी. बसली चपखल. पण आईंसाठी दार उघडलं तर ते दोरीला टेकलं आणि आई फटीत अडकल्या. तू त्यांचं माप घेतलंस ते घरच्या कपड्यांत. रविवारी चर्चला जाताना रीतीप्रमाणे कमरेला त्यांच्या आजीची जाड विणलेली चटई गुंडाळलेली असते, ती कोण मोजणार?

मी म्हटलं, "दोरीच आहे, ढकला."

म्हणाल्या, "आज दोरी, उद्या भिंत. भिंत चालवायला मी कोणी संत लागून गेले का?"

गाडी मागे घेऊन वाटेत बसवावं, तर साऱ्या वाटेला एकीकडे कुंपण, दुसरीकडे घर, दार उघडायला जागाच नाही. आणि भर रस्त्यात त्या चढत नाहीत. पाद्रीबाबांनी प्रवचन गायला सूर लावला आणि आई जागेवर नसल्या, तर त्यांचा आठवडा सुना जातो. माझाही.

तेव्हा दोरी दोन हात डावीकडे ने. तिथं तुझ्या मित्रांचं कावाच्या मुळ्यांचा काढा प्यायचं बाक आहे, ठाऊक आहे मला. आईंचा निरोप: "बाक ठेवायचं तर ठेव, मग दर रविवारी मला कडेवर घेऊन गाडीत बसव."

माप स्वतः कमरेला चटई बांधूनच घे. तुझी कपाटावर आहे, ईस्टरपासून तिथंच. एकदा बांधलीस की सोडू नकोस, दुपारच्या प्रार्थनेला तुझी जागा धरून ठेवते.

लाविनिया