चावलेला कप

३ मार्च, सोमवार

बालवाडीत घेवडा पेरला! एकवीस कप, एकवीस बिया आणि कोपरापर्यंत माखलेले बेचाळीस हात. कपांना खालून भोकं काल माझ्या मुलाने पाडून दिली, अभ्यास टाळायला त्याला कुठलंही काम चालतं. वर्गातल्या ऋतूंच्या भिंतीवरून कापसाची थंडी उतरवली, हिरवा वसंत चिकटवला. मग अंगणात सावल्या मोजल्या. दहाला खडूने आखल्या, बाराला पुन्हा. सगळ्यांच्या आखूड! एकजण गंभीरपणे म्हणाला, धुतल्यावर स्वेटर आटतो तशा आटल्या. मावशी हसता हसता फरशी पुसायच्या थांबल्या.

मुलं गेल्यावर मागच्या खोलीत आणखी आठ बिया पेरल्या. हा माझा राखीव ट्रे. दोन-तीन बिया दरवर्षी दगा देतात. मग मी गुपचूप नावाची चिठ्ठी काढून उगवलेल्या कपाला लावते. कुणी रडत नाही. सोळा वर्षांत हे फक्त मावशींना माहीत.

५ मार्च

वर्गात जी सगळ्यात लहान आहे तिला मी मनातल्या मनात मुंगी म्हणते. तिच्या आजोबांनी आज दारात थांबवलं. मुंगीला भाऊ झालाय, पण दोन महिने आधीच. काचेच्या पेटीत ठेवलाय, वजन वाढत नाही. आई तिथेच. घरात तिच्यासमोर आम्ही काही बोलत नाही, म्हणाले. चष्मा पुसत राहिले.

७ मार्च

मुंगी रोज बी उकरून बघते. मग पांघरूण घातल्यासारखी माती सारखी करते. रागवायला जीभच वळत नाही.

११ मार्च

अठरा उगवले! तीन नाहीत, त्यात मुंगीचाही. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन चिठ्ठ्या बदलल्या. तिच्यासाठी ट्रेमधलं सगळ्यात टवटवीत रोप निवडलं. पोरीला तेवढंच सुख. जुने कप मावशींकडे दिले— टाकून द्या म्हटलं.

बाकीचे दोघे नाचले. मुंगीने कप गोल गोल फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. डब्याच्या वेळी येऊन माझ्या गुडघ्याला टेकली.

"बाई, हा माझा नाही. माझ्या कपाला मी चावले होते."

मी म्हटलं, अगं तुझाच आहे, चिठ्ठी बघ ना. खोटं बोलले, तेही हसून.

तिने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाळाचं वजन नाही वाढलं तर तेपण बदलून देतील?"

मी म्हटलं, नाही गं राणी, बाळ कुणी बदलत नाही.

"मग माझा कप का बदलला?"

१२ मार्च

सकाळी मावशींना विचारलं, ते कप कुठे टाकले? म्हटलं, वाफ्यात उकरून शोधू.

"टाकते कशाला? तुम्ही दरवर्षी टाका म्हणता, मी दरवर्षी ठेवते," मावशी म्हणाल्या. "एखादं उशिरा उठतं. मग कुंपणाला लावून देते."

कुंपणाचे ते वेल! आपोआप उगवतात म्हणून मी पाहुण्यांना कौतुकाने दाखवते ते! कोणत्या शब्दांत आभार मानू या बाईचे? हात धरला, तर म्हणाल्या, सोडा, फिनाइलचा आहे.

काठावर चार छोटे दात उमटलेला कप मुंगीला परत दिला. मग गोलात बसून सगळ्यांना खरं सांगितलं, चिठ्ठ्या मी बदलल्या म्हणून. त्या दोघांपैकी एकाने एवढंच विचारलं, मग आता मला दोन्ही मिळणार का? मिळाले.

मुंगीने कप खिडकीत ठेवला. उकरला नाही.

२१ मार्च

बाळाचं वजन वाढायला लागलंय! पेटीतून बाहेर काढलं, काल आईच्या कुशीत होतं. आजोबा सांगता सांगता पुन्हा चष्मा पुसायला लागले. दोघं वेड्यासारखे दारात उभे. किती देणं असतं एकेका दिवसाचं!

मुंगीच्या कपात अजून काही नाही. पाणी घालते. मी म्हटलं, कदाचित नाही उगवणार हं. म्हणाली, "असू दे. माझं आहे ना."

२३ मार्च, रविवार

आज मुलाला सांगितलं— तुझ्या आधी एक बहीण होती. तीन दिवस होती. सगळे म्हणाले, दुसरं होईल. तू झालास, आणि मी तिचं नावच काढलं नाही.

त्याने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "दिसायला कशी होती?"

अठरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. केस खूप होते, म्हटलं.